पत्ते कोणी पिसले आणि समोर कोण बसले आहे?

५२ पत्त्यांचा जोड नीट पिसला, तर त्यातून किती वेगवेगळे क्रम निघू शकतात? ८ या आकड्यापुढे ६७ शून्ये लिहा. उत्तर साधारण तेवढे येते. पत्त्यांच्या खेळातला सगळा विश्वास या अफाट संख्येवर उभा आहे. पुढचा पत्ता कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून खेळ खेळ राहतो.

१९९९ मध्ये अमेरिकेतील सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या काही अभ्यासकांनी त्या वेळच्या एका ऑनलाइन पोकर साइटचा पिसण्याचा प्रोग्रॅम तपासला, तेव्हा ही अफाट संख्या भलतीच आक्रसलेली दिसली. संगणक स्वतःहून यादृच्छिक आकडे काढू शकत नाही. तो एका ‘बीज’ आकड्यापासून सुरुवात करतो आणि पुढचे सगळे आकडे ठरलेल्या सूत्राने काढतो. या साइटचे बीज होते मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. म्हणजे क्रमही फार तर तेवढेच! आपले घड्याळ साइटच्या घड्याळाशी जुळवून घेतले, की ही संख्या सुमारे २ लाखांवर येते. मग आपल्या हातातले दोन पत्ते आणि टेबलावर उघडलेले पहिले तीन, एवढ्या पाच पत्त्यांवरून संगणक नेमका क्रम शोधून काढतो. कोणाच्या हातात काय आहे आणि पुढे काय येणार, हे दोन्ही कळते. अभ्यासकांनी तसा प्रोग्रॅम लिहून दाखवला आणि कंपनीने चूक सुधारली.

या घटनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खेळाडूंचा विश्वास बसावा म्हणून कंपनीनेच पिसण्याची पद्धत जाहीर केली होती. ती उघड होती म्हणून दोष सापडला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ऑनलाइन पोकरमध्ये जे घडले, त्याचा धडाही हाच आहे.

दहा हजार डावांनंतरही अनिश्चित

हा धडा समजायला आधी व्यावसायिक खेळाडूचे गणित पाहावे लागते. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि साइट बहुतेक डावांतून आपला वाटा कापून घेते. त्याला ‘रेक’ म्हणतात. त्यामुळे सगळ्या खेळाडूंची बेरीज केली तर ती तोट्याचीच असते. या तोट्यावर मात करून पोट भरणारे थोडेच.

असा एखादा कुशल खेळाडू दर १०० डावांमागे सरासरी ५ ‘बिग ब्लाइंड’ कमावतो असे धरू. बिग ब्लाइंड म्हणजे त्या टेबलावरची ठरलेली मूळ पैज. याच १०० डावांतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे ९० बिग ब्लाइंड असू शकते. आता हिशेब करा. १० हजार डावांनंतर अपेक्षित कमाई ५००, पण चढउतार ९००. म्हणजे उत्तम खेळूनही दर १० पैकी जवळपास ३ वेळा तो तोट्यात असेल. १ लाख डावांनंतरसुद्धा ही शक्यता १०० पैकी ४ इतकी उरते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण ३० डाव होतात. १ लाख डावांना ३,३०० तासांहून अधिक वेळ लागेल. म्हणूनच ऑनलाइन खेळणारे एकाच वेळी अनेक टेबले उघडून बसतात.

एका पावसाळ्यावरून हवामान ठरवता येत नाही, तसे एका महिन्यावरून कौशल्य ठरवता येत नाही. या जीवनातला खरा ताण इथे आहे. महिनोन्‌महिने हरणाऱ्याला कळत नाही की नशीब फिरले आहे, आपला खेळ घसरला आहे, की समोर कोणी फसवतो आहे. तिन्ही गोष्टी काही काळ अगदी सारख्याच दिसतात.

नोंदींनी पकडलेले चोर

२००७ मध्ये ‘अॅब्सोल्यूट पोकर’ या साइटवरच्या एका स्पर्धेत विजेत्याचे निर्णय अशक्य वाटावेत इतके अचूक होते. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूने डावांच्या नोंदी मागितल्या. कंपनीकडून त्याला चुकून प्रत्येकाचे झाकलेले पत्ते आणि खेळ पाहणाऱ्या खात्यांची माहिती असलेली सगळी फाइल गेली. खेळाडूंनी ती पिंजून काढली, तेव्हा एक प्रेक्षक खाते विजेत्याच्या टेबलामागोमाग फिरताना दिसले. कोणीतरी आतल्या वाटेने सर्वांचे पत्ते पाहत होते. पाठोपाठ ‘अल्टिमेटबेट’ या साइटवरही तसाच प्रकार उघड झाला. तिथेही पहिला संशय खेळाडूंनीच घेतला होता. काही खात्यांची कमाई त्यांच्या खेळण्याच्या शैलीशी कोणत्याही गणिताने जुळत नव्हती. कॅनडातील कानावाके गेमिंग कमिशनने पुढे दोन्ही साइटना दंड केला.

यंत्र जिंकू लागले

तोवर वेगळाच पाहुणा टेबलावर यायला लागला होता. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ या प्रोग्रॅमने पोकरचा एक दोन-खेळाडूंचा प्रकार जवळजवळ पूर्ण सोडवला. स्वतःशीच अब्जावधी डाव खेळायचे आणि प्रत्येक निर्णयानंतर ‘दुसरी चाल केली असती तर किती फायदा झाला असता’ हे मोजून पुढची चाल सुधारायची, ही त्याची पद्धत. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ने पिट्सबर्गमधल्या कॅसिनोत चार नामवंत खेळाडूंना २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून हरवले. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ सहा जणांच्या टेबलावरही सरस ठरला. त्याच्या प्रशिक्षणाला ८ दिवस लागले आणि भाड्याच्या संगणकांच्या दराने खर्च होता सुमारे १५० डॉलर. संशोधकांनी त्याचा प्रोग्रॅम जाहीर केला नाही; ऑनलाइन पोकरवर होणाऱ्या परिणामाची त्यांना काळजी होती.

थकत नाही, चिडत नाही, हरल्यावर पैसे वसूल करायला धावत नाही, असा हा ‘बॉट’ ओळखायचा कसा? साइट माउसची हालचाल, निर्णयाला लागणारा वेळ, सलग खेळण्याचे तास, संगणकावर चालू असलेले इतर प्रोग्रॅम असे बरेच काही तपासतात. पण सर्वांत भक्कम पुरावा सवयींच्या आकडेवारीत असतो. समजा, एखादा खेळाडू १०० पैकी २५ डावांत पैसे लावतो. १० हजार डावांच्या नोंदीवरून ही सवय अर्ध्या टक्क्याच्या आसपास अचूकतेने कळते. पैशाचा आकडा लाख डावांनंतरही डळमळीत असतो. सवयीचा आकडा लवकर स्थिरावतो. अशा डझनभर सवयी पाच-सहा खात्यांत दशांशापर्यंत जुळल्या, तर मागे एकच मेंदू आहे असे मानायला जागा आहे. २०१५ मध्ये ‘पोकरस्टार्स’वरच्या ओमाहा प्रकाराच्या टेबलांवरील संशयित खाती खेळाडूंनी याच मार्गाने दाखवून दिली होती.

याहून अवघड आहे तो माणूस, जो यंत्राला विचारून स्वतःच्या हाताने बटण दाबतो. माउस माणसाचा, वेळ माणसाचा, निर्णय मात्र यंत्राचा. इथेही हजारो अवघड निर्णय यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहणे हाच खात्रीचा उपाय उरतो.

नोंदी कोणाच्या?

काही साइट टेबलावर नावेच दाखवत नाहीत. नवख्या खेळाडूची सावज म्हणून नोंद ठेवली जाऊ नये, हा हेतू चांगला आहे. पण त्यामुळे खेळाडूंच्या हातातली तपासणीही जाते आणि सगळी भिस्त कंपनीच्या शब्दावर राहते. रेक बॉटच्या डावातूनही मिळतो. म्हणजे तपासनिसालाच गर्दीचा फायदा आहे. यावर मार्ग आहे. डाव संपून काही काळ लोटल्यावर, खरी ओळख न सांगता पण प्रत्येक खात्याला कायमचा क्रमांक देऊन, सर्व डावांच्या नोंदी झाकलेल्या पत्त्यांसह स्वतंत्र तपासनिसांना मिळाल्या पाहिजेत. बंद केलेली खाती आणि परत केलेली रक्कमही जाहीर झाली पाहिजे.

भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. गोव्यातल्या कॅसिनोंत समोरासमोरचे पोकर चालते, तिथे समोर माणूस आहे एवढे तरी डोळ्यांना दिसते. परदेशी साइटवर चोरून खेळणाऱ्या मराठी तरुणाने मात्र हे गणित नीट लक्षात घ्यावे: रेक कापला जातो, नशीब लाखभर डाव हुलकावणी देते, समोर यंत्र असू शकते, आणि फसवणूक झाली तर तिचा पुरावा त्याच्या हातात नसतो. ज्या खेळाच्या नोंदी खेळाडूला तपासता येत नाहीत, त्यात पैसे लावू नयेत. हा सल्ला नीतीचा आहेच, पण त्याआधी तो गणिताचा आहे.