चित्रावर नाव लाविनियाचंच

मैत्रिणींनो, आज एका चित्रकार बाईची माहिती घेऊया. साडेचारशे वर्षांपूर्वी तिच्या कमाईवर अख्खं घर चालायचं, आणि ती गोष्ट कुणी लपवली नव्हती.

लाविनिया फोंतानाचा जन्म १५५२ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी ७८ वर्षं. युरोपात तेव्हा चित्रकलेला, विद्येला मोठा बहर आला होता. त्या काळाला प्रबोधनकाळ म्हणतात. पण बायकांच्या वाट्याला त्यातलं थोडंच यायचं. मुलगा चित्रकाराच्या घरी राहून काम शिकायचा, मुलीला परक्याकडे कोण पाठवणार? लाविनियाचे वडील प्रोस्पेरो स्वतः चित्रकार होते, म्हणून ती घरीच शिकली.

१५७७ मध्ये तिचं लग्न ठरलं. आपल्याकडे स्थळाला मुलीचा फोटो पाठवतात ना? लाविनियाचं जे चित्र सासरी गेलं, ते तिनं स्वतःच रंगवलेलं होतं. त्यात ती वाद्य वाजवतेय आणि मागे खिडकीपाशी चित्र काढायची घोडी उभी आहे. आपल्या हातात काय कला आहे, ते तिनं त्या एका चित्रात सांगून टाकलं. तिच्याकडे मोठा हुंडा नव्हता. पुढे ती काय कमावेल, याचाच विचार सासरच्यांनी केला. नवरा जान पाओलो झाप्पी हाही चित्रकार. लग्नानंतर दोघं तिच्या माहेरी बोलोन्यातच राहिले आणि नवरा तिच्या कामात मदत करू लागला.

शहरातल्या श्रीमंत बायका तिच्याकडून आपली चित्रं काढून घ्यायच्या. कपड्यांची वेलबुट्टी, दागिने, अंगावरचं छोटं कुत्रंसुद्धा ती बारकाईनं रंगवायची. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला देवळांसाठीची मोठमोठी चित्रंही मिळाली. अशी कामं तोवर बहुतेक पुरुषांनाच मिळत. १५८९ मध्ये तर तिचं एक चित्र स्पेनच्या राजाच्या एस्कोरियल या मठ-राजवाड्यासाठी गेलं.

हे सगळं चालू असताना तिची ११ बाळंतपणं झाली. तिच्या पश्चात त्यातली तीनच मुलं उरली. एवढं दुःख पोटात घालून तिनं काम चालू ठेवलं. पुढे ती रोमला गेली. १६११ मध्ये तिच्या सन्मानार्थ एक पदक घडवलं गेलं. त्याच्या एका बाजूला तिचा चेहरा होता. १६१४ मध्ये ती रोममध्येच वारली.

तिच्या माघारी त्याच बोलोन्यात एलिझाबेत्ता सिरानी ही चित्रकार झाली आणि तिनं इतर मुलींनाही चित्रकला शिकवली. लाविनियाची चित्रं २०१९ मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आणि २०२३ मध्ये डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात खास प्रदर्शन भरवून मांडली गेली.

इतक्या वर्षांनी तिची चित्रं ओळखता येतात, याचं एक साधं कारण आहे. अनेक चित्रांवर तिनं आपलं नाव घातलंय, कधी वडिलांचं नाव जोडून, तर लग्नानंतर झाप्पी लावून. पण पहिलं नाव लाविनियाच.

आपण शिलाई करतो, शेळ्या पाळतो, पापड विकतो आणि कुणी विचारलं की म्हणतो, "मी घरीच असते." ताईंनो, तसं म्हणू नका. पाकिटावर, पावतीवर, बचत गटाच्या वहीत आपलं नाव आणि आपली कमाई लिहा.