गुडघा टेकणारे आणि उभे राहणारे

यंदाच्या हिवाळी सहलीचा बेत ठरत असताना मुलांनी आमच्यापुढे एक नवीनच मागणी मांडली. मांडू, उज्जैन, ओंकारेश्वर पाहून झाले. आता जवळच्या जलाशयावर नेावे, तेथे उभ्याने वल्हवावयाच्या फळ्या भाड्याने मिळतात, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजीत या खेळास स्टँड-अप पॅडलिंग म्हणतात. नावेविषयीचे आमचे ज्ञान महेश्वरच्या घाटावरून पलीकडच्या तीरी जाऊन येण्यापुरते. तेव्हा भोपाळच्या तलावावर काही वर्षे कॅनूचा सराव केलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यास आम्ही बोलावून घेतले. विषय ऐकताच त्याच्या कपाळास आठी पडली. ती आठी त्याच्या एकट्याची नव्हे. जगातील पुष्कळ कॅनूवाल्यांच्या कपाळावर ती गेली कित्येक वर्षे आहे, आणि तिचे कारण शोधता शोधता आम्ही बरेच दूरवर जाऊन पोहोचलो.

कयाक आणि कॅनू यांतील भेद प्रथम सांगितला पाहिजे. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे पसरून बसतो आणि त्याच्या वल्ह्यास दोन्ही टोकांस पाती असतात. कॅनूचे वल्हे एका पात्याचे. सरळ पाण्यावरील शर्यतीत कॅनूवाला एक गुडघा टेकतो आणि आरंभापासून अखेरपर्यंत एकाच बाजूने वल्हवतो. एकाच बाजूने वल्हविल्यास नाव दुसऱ्या बाजूस वळणार, हे उघड आहे. तिला सरळ ठेवण्यासाठी प्रत्येक फटक्याच्या शेवटी पात्यास हलकीशी कलाटणी द्यावी लागते. सांगावयास हे सोपे. मनगटात उतरावयास मात्र वर्षे जातात, आणि तोवर नाव शिकाऊ माणसास कितीदा तरी पाण्यात टाकते.

फळीचे तसे नाही. साधारण दहा-अकरा फूट लांबीची, हवा भरून ताठ होणारी ही फळी गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत मावते. वल्हे एकाच पात्याचे, परंतु उभ्या माणसाच्या डोक्याहून वीतभर उंच. फळीचे तोंड वळू लागले की नवखा माणूस वल्हे उचलून दुसऱ्या बाजूस घालतो आणि त्याचे काम भागते. सकाळी विकत घ्यावी, दुपारी पाण्यात घालावी. कॅनूवाल्यांची पहिली तक्रार हीच आहे, आणि तिच्यात थोडा मत्सर मिसळलेला आहे हे आमच्या विद्यार्थ्याने हसत हसत कबूल केले. जे आपण कष्टाने मिळविले ते दुसऱ्यास फुकट मिळालेले कोणास बघवते?

केवळ उभे राहण्यास हरकत घ्यावी, तर ती टिकणारी नाही. नावेच्या पिछाडीस उभा राहून लांब बांबू रेटणारा नावाडी आपण लहानपणापासून पाहिला आहे. व्हेनिसचा गोंडोलावाला उभ्यानेच एक वल्हे चालवितो. अमेरिकेत तर कॅनूतच उभे राहून काठीने ती रेटण्याचा निराळा खेळ आहे. फळी आली हवाई बेटांतून. तेथील वायकीकीच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होण्यास शिकविणारे काही जण विसाव्या शतकाच्या मध्यासच हाती वल्हे घेऊन फळीवर उभे राहत. पुढे २००० च्या सुमारास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या लाटास्वारांनी त्या प्रकारास नव्याने चालना दिली.

तेथूनच मालकीचा वाद निघाला. वल्हे आहे म्हणून खेळ आमचा, असे आंतरराष्ट्रीय कॅनू महासंघाचे म्हणणे. फळी आहे म्हणून आमचा, असे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचे. सर्फिंगवाल्यांनी २०१२ साली पेरूमध्ये जागतिक स्पर्धा भरविली. कॅनूवाल्यांनी आपली स्पर्धा २०१९ साली चीनमधील छिंगदाओ येथे भरविली. प्रकरण क्रीडा लवादापुढे गेले. ऑगस्ट २०२० मध्ये निवाडा झाला तो असा : ऑलिंपिकच्या पातळीवर अधिकार सर्फिंग संघटनेचा, मात्र स्पर्धा दोघांनीही भरवाव्यात. फळीला अद्याप ऑलिंपिकमध्ये प्रवेशच मिळालेला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या लढाईची गंमत कळते. गाय विकत घेण्यापूर्वीच दुधाची वाटणी!

शिवाय 'आमचे' आणि 'परके' यांची सीमा कॅनूवाल्यांनी स्वतःच अनेकदा हलविली आहे. ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांचे नाव आपल्या वाचकांस ठाऊक असेल. पॅरालिंपिकमध्ये कॅनूच्या शर्यतीत उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय. टोकियोत त्यांनी अंतिम फेरी गाठून आठवा क्रमांक मिळविला, आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धांत कयाकमध्ये सुवर्णपदक पटकाविले. टोकियोत त्या ज्या नावेत बसल्या ती 'व्हा', म्हणजे एका बाजूस आधाराचे लाकूड जोडलेली पॉलिनेशियन बेटांची होडी. प्रशांत महासागरातील ही होडी कॅनूच्या घरात सुखाने नांदते. त्याच महासागरातून आलेली फळी मात्र उंबरठ्यावर उभी. पायांची साथ नसलेल्या माणसास बैठी नाव जी बरोबरी देते ती फळी देऊ शकेल काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि कॅनूवाल्यांनी अभिमान बाळगावा तो याचा, असे आम्हास वाटते.

पण मत्सर आणि मालकी बाजूस सारली तरी कॅनूवाल्यांच्या बोलण्यात एक गाभा उरतो. वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट या गावी ३० ऑक्टोबर २०२१ रोजी जे घडले त्यातून तो स्पष्ट होतो. पावसाने फुगलेल्या क्लेडाऊ नदीतून नऊ जण फळ्यांवर निघाले होते. गावात नदीवर एक बंधारा आहे. वरच्या अंगाने येणाऱ्यास बंधारा दिसत नाही. दिसते ती पाण्याची एक सरळ, निरुपद्रवी रेघ. खाली मात्र पडणारे पाणी उलटे फिरून पुन्हा बंधाऱ्याकडे येत राहते आणि सापडलेल्या वस्तूस सोडीत नाही. त्या दुर्घटनेत चौघांचा जीव गेला. त्यांतील एक सहलीच्या दोन नेत्यांपैकी होता. इतरांना वाचविण्यासाठी तो पुन्हा पाण्यात शिरला होता. सरकारी चौकशीत निघाले ते असे की नियोजन अपुरे होते, नेत्यांची तयारी त्या पाण्याच्या मानाने अपुरी होती, आणि पुढे बंधारा आहे याची नीट कल्पना सहभागी लोकांस देण्यात आली नव्हती.

कॅनूवाला बंधाऱ्यास भितो, कारण त्याच्या उमेदवारीच्या काळात कोणीतरी त्यास काठावर उभे करून ती रेघ दाखविलेली असते. नावेबरोबर नदी शिकविली जाते. फळी विकत मिळते, नदी मिळत नाही. आमच्या मते कॅनूवाल्यांचा खरा आक्षेप हाच आहे, आणि त्यांचा दोषही येथेच आहे. फळी कोणाची यावर बडी मंडळी भांडत राहिली, तेव्हा फळीवरच्या माणसास शिकविणे हे आपले काम आहे असे त्यांतील किती जणांस वाटले? सर्वांनी पाठ फिरविली असे मात्र नव्हे. ब्रिटनमधील कॅनू संघटनेने २०२४ साली आपल्या नावातून 'कॅनू' हा शब्द काढून 'पॅडल यूके' असे नाव घेतले. वल्हे ज्याच्या हाती तो आपला, असा त्याचा अर्थ. जुन्या सभासदांपैकी काहींना हे रुचले नसणार. आम्हास ते शहाणपणाचे वाटते.

आमच्या विद्यार्थ्याने आठी बाजूस ठेवून मग नेमकेपणाने सांगितले. उभ्या माणसाचे शरीर म्हणजे शीड. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर नवख्यास परत येणे कठीण. वारा वाढला की मुकाट्याने गुडघे टेकावेत. (हे सांगताना त्याचा चेहरा खुलला होता.) फळीस बांधून ठेवणारी दोरी स्थिर पाण्यात घोट्याला चालते, कारण पडलेल्या माणसास फळीच तरंगत ठेवते, वाहत्या पाण्यात मात्र ती फांदीत अडकून जीव घेते, म्हणून तेथे कमरेस, एका हिसक्यात सुटणाऱ्या पट्ट्याने बांधावी. आणि तरंगणारे जाकीट प्रत्येकाच्या अंगावर, मापाचे, बंद लावलेले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे त्या जलाशयावर जाऊन आलो. फळ्या नव्या होत्या, रंग झकास होते. भाड्याने देणारा तरुण मनाने चांगला वाटला. वारा कोणीकडून वाहतो, असे विचारता त्याने आकाशाकडे पाहिले. जाकिटे सहा, सर्व मोठ्या माणसांच्या मापाची. आमची मुले चाळीस. मुलांच्या मापाची जाकिटे आणि शिकविणारा माणूस ठेवल्यास आम्ही पुन्हा येऊ, असे त्यास सांगून आम्ही निघालो.

सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांना नकार कळविला. मुले हिरमुसली. सहल महेश्वरास जाईल असे ठरले आहे. २०२३ च्या आरंभी 'खेलो इंडिया' युवा स्पर्धांतील कॅनू स्लॅलमच्या शर्यती तेथे सहस्रधारेवर झाल्या होत्या. आमचा विद्यार्थी बरोबर येणार आहे. काळ्या खडकांतून नर्मदेच्या धारा फुटतात तेथे काठावर उभे राहून पाणी कोठे उलटे फिरते ते तो मुलांना दाखविणार आहे. पाण्यात कोणी उतरावयाचे नाही, हे त्यासही बजावून ठेवले आहे.