मुका रोगी आणि दूरचा वैद्य

माणसाचा वैद्य नाडी पाहतो आणि त्याबरोबरच "काय होते आहे?" असे विचारतो. पशुवैद्याला हा दुसरा मार्ग बंद असतो. त्याचा रोगी मुका. रोग्याच्या वतीने बोलावयाचे ते धन्याने. घरोघरी मोबाईल आल्यापासून हे बोलणे शेकडो कोसांवरच्या पशुवैद्याशीही होऊ लागले आहे. ज्या गावी श्वानचिकित्सा जाणणारा कोणी नाही, तेथे ही सोय मोठीच म्हटली पाहिजे. परंतु तिची मर्यादाही ओळखली पाहिजे, आणि ती कुत्र्याच्या मूत्रविकारांत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. या विकारांपैकी काही चार दिवस धीराने हाताळता येतात, तर एखादा दोन दिवसांत प्राण घेतो.

कुत्र्याची मूत्रसंस्था आपल्यासारखीच आहे. दोन मूत्रपिंडे रक्त गाळतात, मूत्र दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते. मादीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्यामुळे जंतू सहज वर चढतात. नराचा मार्ग लांब व अरुंद असून शेवटी एका लहानशा हाडाच्या खोबणीतून जातो. हाड काही ताणले जात नाही. म्हणून मूत्राशयातून निसटलेला खडा नेमका तेथेच अडकून बसतो.

यावरून पहिला नियम निघतो. कुत्रा पुन्हापुन्हा पाय वर करतो, कुंथतो, आणि थेंबही बाहेर येत नाही, असे दिसले तर मोबाईल हाती घ्यावयाचा तो फक्त जवळचा दवाखाना उघडा आहे का हे विचारण्यासाठी. मूत्र तुंबले की रक्तातील पोटॅशियम वाढते व हृदयाची गती बिघडते. पुष्कळ घरी या कुंथण्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजले जाते आणि मोलाचा दिवस वाया जातो.

असा अडथळा नसेल तर दूरच्या वैद्याला आपण पुष्कळ मदत करू शकतो. "कुत्रा फार लघवी करतो" एवढे सांगणे जवळजवळ निरर्थक होय. वारंवार पण थोडी थोडी, की प्रत्येक वेळी भरपूर? पहिल्या प्रकारात संशय मूत्राशयाच्या दाहाकडे किंवा खड्याकडे जातो. दुसऱ्यात मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह अथवा ग्रंथींचे आजार मनात येतात. पाणी मोजणे तर अगदी सोपे आहे. सकाळी मापून भांडे भरावे, दुसऱ्या सकाळी उरलेले मापावे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला शंभर मिलिलिटरांहून अधिक पाणी पोटात जात असेल, तर ते तहानेचे लक्षण नव्हे, रोगाचे आहे. बारा किलोच्या कुत्र्याला ही मर्यादा सव्वा लिटरच्या आत पडते. मात्र लघवी फार होते म्हणून पाणी तोडणे, हा क्रूरपणा तर आहेच, शिवाय धोकाही आहे.

मधुमेहाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याच्या मूत्रात साखर उतरली. माणसाच्या मधुमेहाचे कोडे तेथून सुटू लागले. १९२१ मध्ये टोरांटोला इन्सुलिन हाती आले, तेही कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच. आपल्यावरचे हे ऋण फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

लघवी करतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा वाक्यांचे काम करतो. रंग दाखवावयाचा तर पांढऱ्या फरशीवर किंवा कापसावर उजेडात छायाचित्र घ्यावे. नमुना हवा असल्यास काठीला स्वच्छ पळी बांधून सकाळची धार मध्येच झेलावी, झाकणाच्या कोऱ्या बाटलीत भरावी आणि अर्ध्या तासात प्रयोगशाळेत पोचवावी. तसे न जमल्यास शीतकपाटात ठेवावी. पावसाळ्यात हे काम हातमोजे घालूनच करावे. लेप्टोस्पायरा नावाचे जंतू उंदीर व कुत्रे यांच्या मूत्रातून माणसाला बाधतात. कोकण-गोव्याकडील मंडळींना हा रोग चांगलाच परिचयाचा आहे.

शिकवलेले कुत्रे एकाएकी घरात लघवी करू लागले की त्याला मार बसतो. आमच्या मते हा उघड अन्याय आहे. असे वागणे बहुधा आजाराची पहिली खूण असते, आणि वयस्क मादीला तर झोपेत लघवी झाल्याचे कळतही नाही.

दूरचा वैद्य काय करू शकत नाही? त्याला पोट चाचपता येत नाही, सोनोग्राफी करता येत नाही. खडा आहे हे ठरले तरी कोणता, हा प्रश्न उरतोच. मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचा खडा कुत्र्यांत बहुधा जंतुसंसर्गातून होतो, आणि योग्य औषध व विशेष आहार यांनी तो विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळत नाही. तो काढावाच लागतो. डाल्मेशियन जातीची कथा निराळीच. एका आनुवंशिक दोषामुळे तिच्या मूत्रात यूरिक आम्ल फार उतरते, त्याचे खडे होतात, आणि साध्या क्ष-किरण चित्रात ते पुष्कळदा दिसतही नाहीत. १९७३ मध्ये अमेरिकेत पॉइंटर जातीशी एकच संकर करून हा दोष नसलेली डाल्मेशियनची शाखा निर्माण करण्यात आली. तात्पर्य, एका कुत्र्याचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. गेल्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या देणे तर वर्ज्यच. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडांचा घात करतात.

सल्ला देणारा खरोखर पशुवैद्य आहे ना, हे नोंदणी क्रमांक विचारून पाहावे. १९८४ च्या कायद्याप्रमाणे पशुवैद्यांची नोंदणी होते, आणि हा प्रश्न विचारण्यात कसलाही उर्मटपणा नाही. अनेक राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. ती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी असल्याने कुत्र्यासाठी मिळते का, हे आधी विचारून घ्यावे. आम्हा इंदूरकरांना महू जवळ आहे. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून चालू आहे.

मोबाईलचा खरा उपयोग निदान झाल्यानंतर अधिक होतो. पाणी, लघवीच्या वेळा, खाणे आणि औषध यांची घरातील एखाद्या मुलाने वही ठेवावी व ती आठवड्याने वैद्याला वाचून दाखवावी; मात्रा कमीजास्त करावयाची तर तेवढ्यावर ठरते. खडा विरघळावयास काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात, आणि तो किती उरला हे पाहण्यासाठी साधारण महिन्याने चित्र काढावे लागते. त्या दिवशी मात्र कुत्र्याला घेऊन दवाखान्याची वाट धरावीच लागते.