एस्टोनियाने घडवलेला फॅमिली डॉक्टर

सोव्हिएत संघातील आणि त्याच्या प्रभावाखालील बहुतेक देशांतील आरोग्यसेवेचा पाया निकोलाय सेमाश्को यांच्या काळात घातला गेला. १९१८ मध्ये ते सोव्हिएत रशियाचे पहिले आरोग्यमंत्री झाले. उपचार मोफत होते, दवाखाने सरकारी होते आणि प्रत्येक वस्तीला पॉलिक्लिनिक नेमून दिलेले होते. लसीकरण आणि साथीच्या रोगांवरील नियंत्रण यांत या व्यवस्थेने मोठे काम केले. मात्र तिच्यात फॅमिली डॉक्टर नव्हता. मोठ्या माणसांसाठी विभागीय डॉक्टर, मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ आणि बायकांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ अशी वाटणी असल्याने एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या दारांत उभी राहत. विभागीय डॉक्टरचा बराच वेळ तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठ्या देण्यात आणि आजारपणाच्या रजेचे दाखले लिहिण्यात जाई. त्याच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती, कारण ते स्वतंत्र ज्ञानाचे काम मानलेच जात नव्हते. वैद्यकीय शिक्षण रुग्णालयातील तज्ज्ञांच्या हाती होते.

युगोस्लाव्हिया याला अपवाद होता. आंद्रिया श्टांपार यांच्या सार्वजनिक आरोग्याच्या परंपरेतून झाग्रेबमध्ये १९६०च्या सुमारास सामान्य वैद्यकाचे पदव्युत्तर प्रशिक्षण सुरू झाले. इतर बहुतेक देशांना त्यासाठी राजवट बदलण्याची वाट पाहावी लागली.

हा बदल एस्टोनियात सर्वांत ठळकपणे दिसतो. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच सुमारास तार्तू विद्यापीठात कुटुंबवैद्यकाचे प्रशिक्षण सुरू झाले. १९९३ मध्ये या विषयाला स्वतंत्र विशेषज्ञ शाखा म्हणून मान्यता मिळाली. प्राध्यापक हाइदी-इंग्रिद मारूस यांनी तार्तूतील कुटुंबवैद्यकाचा विभाग उभा केला. नव्या पदवीधरांसाठी तीन वर्षांची रेसिडेन्सी होती, तर आधीपासून काम करणाऱ्या विभागीय डॉक्टरांसाठी नोकरी सांभाळून करता येणारे पुनर्प्रशिक्षण. केवळ नव्या पिढीवर विसंबले असते तर गावोगावी डॉक्टर पोचायला कित्येक वर्षे लागली असती.

हे शिक्षण वेगळे का असावे लागते, हे डोकेदुखीच्या उदाहरणातून कळते. मोठ्या रुग्णालयात पोचणारा डोकेदुखीचा रुग्ण बहुधा आधी कुणीतरी तपासून पाठवलेला असतो, त्यामुळे तिथे गंभीर आजाराची शक्यता अधिक असते. दवाखान्यात मात्र बहुतेक डोकेदुखी ताण, अपुरी झोप किंवा सर्दी यांची असते आणि क्वचित एखादी धोक्याची. ती एक ओळखणे, बाकीच्यांना नाहक तपासण्यांत न अडकवणे आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावून पाहणे हे कौशल्य दवाखान्यातच शिकता येते. त्यामुळे अनुभवी फॅमिली डॉक्टरांनाच शिक्षक म्हणून तयार करावे लागले. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘युरॅक्ट’ या युरोपीय शिक्षकसंघटनेने स्लोव्हेनियातील ब्लेड येथे शिक्षकांसाठी भरवलेल्या अभ्यासक्रमांचा पूर्व युरोपातील अनेकांना लाभ झाला. पुढे दवाखान्यात उठणाऱ्या प्रश्नांवर संशोधन होऊ लागले आणि विषयाला विद्यापीठात पाय रोवता आले.

मात्र शिक्षणाला व्यवहाराची जोड नसती तर ते कागदावरच राहिले असते. १९९८ पासून एस्टोनियात फॅमिली डॉक्टर स्वतंत्र कंत्राटदार म्हणून आरोग्य विमा निधीशी करार करू लागले. प्रत्येकाकडे साधारण १,२०० ते २,००० लोकांची यादी आणि सोबत परिचारिका असे. मोबदल्याचा मोठा भाग यादीतील माणसांच्या संख्येवर ठरत असल्याने माणसाशी दीर्घकाळ नाते टिकवण्याला महत्त्व आले.

सर्व देशांची वाट एकच नव्हती. हंगेरीने १९९२ मध्ये फॅमिली डॉक्टरची व्यवस्था आणली, पण तिथे आणि चेक प्रजासत्ताकात लहान मुलांसाठी वेगळे बालरोगतज्ज्ञ राहिले. किर्गिझस्तानात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विभागीय डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना एकत्र आणून कुटुंबवैद्यकाचे गट बनवण्यात आले. आज यांतील अनेक देशांत फॅमिली डॉक्टरांचे वय वाढते आहे आणि खेड्यात जायला तरुण डॉक्टर मिळत नाहीत. विद्यार्थ्याला शिकत असतानाच चांगल्या दवाखान्याचा अनुभव आणि त्या कामाचा मान दिसला, तरच तो ही शाखा निवडेल. म्हणूनच विद्यापीठांतील कुटुंबवैद्यकाचे विभाग टिकणे, वाढणे यावर तिथल्या आरोग्यसेवेचे भवितव्य अवलंबून आहे.