मुशीच्या उगमाकडे, एका रविवारी

चादरघाटचा पूल आला की गाडीच्या काचा वर करायच्या, हे आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ आहे. गेल्या महिन्यात सात वर्षांच्या लेकीने काच वर करता करता विचारलं, "बाबा, या नाल्याचं नाव काय?" मागच्या सीटवरून आजोबा म्हणाले, "नाला नाही गं, नदी आहे ती. मुशी." तिला काही पटलं नाही. "मग दाखवतोच तुला," असं म्हणून त्यांनी रविवार पक्का करून टाकला.

माझ्या डोक्यात तेव्हा वेगळंच चाललं होतं. कंपनीने पुण्याला बदली देऊ केली आहे. बायको म्हणते, मुलीचं मराठी तरी सुधारेल. बाबा यावर काहीच बोलत नाहीत, आणि तेच जास्त अवघड आहे.

सकाळी सहाला काचीगुड्याहून निघालो. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. पहिला थांबा गंडीपेट, म्हणजे उस्मानसागर. २८ सप्टेंबर १९०८ला मुशीला महापूर आला आणि शहरात हजारो माणसं दगावली. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, ते झाड आजही उभं आहे. पुन्हा असं होऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, आणि १९२०मध्ये हा तलाव झाला. पाणी वर अडलं. खाली शहरात नदीच्या पात्रात मुख्यतः आपलं सांडपाणीच राहिलं. म्हणजे लेकीचा 'नाला' अगदीच चुकीचा नव्हता.

बांधावर बाबांनी तिला जुनी म्हण सांगितली, गंडीपेटचं पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी दशमी खात राहिलो.

जवळच चिलकूरचा बालाजी. याला 'व्हिसा बालाजी' म्हणतात, आमच्या क्षेत्रात तर हा सगळ्यांच्या ओळखीचा. नवस बोलताना ११ प्रदक्षिणा, फेडताना १०८. इथे हुंडी नाही, हे मला फार आवडतं. दर्शन मात्र लवकर उरका, नऊनंतर गर्दी वाढते.

मोइनाबादपासून पुढे चेवेळ्यावरून मन्नेगुड्यापर्यंतचा रस्ता माझ्या मते या सहलीतला सर्वात सुंदर भाग. दोन्ही बाजूंना जुने वड, नऊशेच्या आसपास, कितीतरी ठिकाणी फांद्या वर एकमेकींना भिडलेल्या. रस्ता रुंद करण्याच्या योजनेमुळे या झाडांवर कित्येक वर्षं टांगती तलवार आहे, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका. गाडी पूर्ण बाजूला घेऊन दहा मिनिटं उतरा. पारंब्यांना लोंबकळणाऱ्या मुलीला परत गाडीत बसवायला आम्हाला मात्र अर्धा तास लागला.

विकाराबाद ओलांडलं की अनंतगिरीचा घाट लागतो. शहरापासून सारं अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. गाडी नसेल तर विकाराबादपर्यंत रेल्वे आहे, पुढे रिक्षा. पावसाळा संपता संपता गेलात तर डोंगर हिरवेगार असतात आणि रस्त्यावर सीताफळं मिळतात. माकडं फार, पिशवी हातात घट्ट धरा. इथे क्षयरोग्यांसाठी जुनं रुग्णालय आहे. बाबांचे एक काका तिथे काही महिने होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "हवा चांगली होती म्हणून वाचले," एवढंच ते म्हणाले.

अनंतपद्मनाभाचं दर्शन घेऊन आम्ही खालच्या बाजूला उतरायला लागलो. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ते वरच कट्ट्यावर बसले. मुशीचं जुनं नाव मुचकुंदा. कालयवनाला नजरेने भस्म करणारा मुचकुंद राजा इथल्याच गुहेत झोपला होता, असं सांगतात. गोष्ट ऐकत ऐकत लेक उतरली आणि झाडीत एका ओहोळापाशी थांबली. पाणी घोट्याएवढं, तळाचे खडे स्पष्ट दिसणारं.

"हीच ती?"

"हीच."

तिने चपला काढल्या, पाण्यात उभी राहिली आणि तिथूनच जोरात ओरडली, "आजोबा, वास येत नाहीये!"

वरून उत्तर आलं, "हौ!"

परतताना मिरचीभजी, इराणी चहा, मग अंधार पडायच्या आत चादरघाट. पुलावर काच वर करू का, असं तिने विचारलं. कोणीच काही म्हटलं नाही, तेव्हा तिने ती अर्धी वर केली.

पुण्याच्या मेलचं उत्तर अजून द्यायचं आहे. बाबांनी मात्र पुढचा बेत ठरवलाय, नलगोंड्याकडचं वाडपल्ली, जिथे मुशी कृष्णेला मिळते. दीडशे किलोमीटर तरी होईल. दशम्या यावेळी जास्त घ्यायच्या आहेत.