आरोग्यवार्तेचे शिक्षण आणि वैद्याची जबाबदारी

वैद्याच्या चिकित्सालयात रुग्णाखेरीज अधूनमधून येणारा आणखी एक अभ्यागत म्हणजे वार्ताहर. रुग्णाशी कसे बोलावे हे आम्हांस गुरुजनांनी शिकविले. वार्ताहराशी कसे बोलावे हे मात्र बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात कोठेच नव्हते. ते आम्ही एका विद्यार्थिनीकडून शिकलो आणि त्याची किंमत एका तिऱ्हाईत गृहस्थांना मोजावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी पत्रकारितेच्या वर्गात शिकणारी ही मुलगी आरोग्यविषयक वार्तांकनाच्या प्रकल्पासाठी आमच्याकडे आली. विषय होता मधुमेह. आमच्या एका रुग्णाची रक्तशर्करा आहार, व्यायाम व औषधे यांनी उत्तम आटोक्यात आली होती. ते उदाहरण आम्ही उत्साहाने सांगितले. "मग मधुमेह मुळातून जातो का, सर?" असे तिने विचारताच "का नाही जाणार?" असे आम्ही बोलून गेलो. तिच्या लेखणीतून ते वाक्य स्थानिक वृत्तपत्रात गेले आणि तेथे त्याचाच मथळा झाला. आमच्या परिचयाच्या एका औषधालयचालकांनी कौतुकाने ते कात्रण दुकानाच्या काचेवर चिकटविले.

तीनएक आठवड्यांनी एक गृहस्थ कात्रणाची घडी खिशात घेऊन आले. त्यांनी आम्हांस पूर्वी कधीही दाखविले नव्हते. दुकानातून चूर्ण घेऊन त्यांनी चालू गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या होत्या. उपाशीपोटीची साखर ३४०, तोंडाला कोरड, वजन उतरलेले. त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवावे लागले. ते सावरले, हे त्यांचे आणि आमचे भाग्य.

योगायोग असा की, त्याच सुमारास ती विद्यार्थिनी पुन्हा आली. तिच्या अध्यापकांनी लेखाच्या समासात प्रश्न लिहून तो परत केला होता. ते प्रश्न तिने आमच्यापुढे ठेवले. तो रुग्ण सोबत अन्य औषधे घेत होता का? (घेत होता. मेटफॉर्मिन चालू होते आणि ते आम्ही सांगितले नव्हते.) असे रुग्ण एकूण किती पाहिले? ज्यांना उपशय मिळाला नाही ते किती? जे पुन्हा आलेच नाहीत त्यांचे काय झाले? शेवटच्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. न परतणारा रुग्ण बरा झाला असे गृहीत धरण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे, आणि आम्हीही त्यास अपवाद नव्हतो.

गृहस्थांची हकीकत ऐकून ती सुन्न झाली. परंतु तेवढ्यावर न थांबता तिने संपादकांकडे दुरुस्तीचा आग्रह धरला. आतील पानावर चार ओळी आल्या. चार ओळींनी मथळा पुसला जात नाही, हे खरे. तरीही आपली चूक आपल्याच नावाने छापून घेणे हे विद्यार्थिदशेत सोपे नाही. त्या प्रसंगी आम्ही तिच्याहून वयाने मोठे, परंतु धैर्याने लहान ठरलो. ज्या वाक्यामुळे हे घडले ते आमचे होते आणि दुरुस्तीत आमचे नाव घालू नये, अशी विनंती आम्ही केली होती.

त्यानंतर वर्षभर तिचे येणे-जाणे राहिले. या काळात तिच्या अभ्यासाची वाढ आम्हांस जवळून पाहता आली. प्रथम ती आकडा वाचण्यास शिकली. तिच्या वर्गात शिकविलेले एक उदाहरण वैद्यांनीही ध्यानी ठेवण्याजोगे आहे. १९९५ साली ब्रिटनमध्ये तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तगुठळीचा धोका दुप्पट होतो, अशी सूचना निघाली. दुप्पट हे खरेच होते; पण सात हजारांत एक होता तो सात हजारांत दोन झाला होता. घाबरलेल्या स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढील वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. "दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट?" हा प्रश्न ती पुढे आम्हांसही विचारू लागली. "पन्नास टक्के आराम" असे आपण रुग्णास सांगतो, तेव्हा तो कशाचा पन्नास टक्के असतो?

दुसरी गोष्ट, मूळ शोधनिबंध स्वतः वाचणे. २००४ च्या डिसेंबरात अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात, बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा निबंध आला. आपल्या वर्तुळात तेव्हा मोठा क्षोभ झाला. "ती भस्मे असणार, शोधन-मारण त्यांना काय कळते!" हे उत्तर आम्हीही व्यासपीठावरून दिले आहे. या विद्यार्थिनीने त्याच गटाचा २००८ चा निबंध आमच्यापुढे ठेवला. त्यात १९३ उत्पादने तपासली होती. रसकल्पांपैकी सुमारे ४१ टक्क्यांत धातू आढळले होते, पण रसकल्प नसलेल्यांतही सुमारे १७ टक्क्यांत आढळले होते. तेथे शोधन-मारणाचा युक्तिवाद लागू पडत नाही. तेथे प्रश्न कच्च्या द्रव्याचा, भांड्यांचा, स्वच्छतेचा, म्हणजे आपल्या औषधनिर्मात्या बंधूंचा आहे. उलट, याच निबंधांवरून "पाचातले एक आयुर्वेदीय औषध विषारी" असे लिहिणे तिने नाकारले. धातू आढळणे आणि रुग्णास विषबाधा होणे यांत मात्रा व काल यांचे अंतर असते, आणि तपासलेली उत्पादने म्हणजे सगळे आयुर्वेदीय औषध नव्हे, हे तिने लेखात स्पष्ट मांडले. आम्हांस अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही बाजूंनी ती सारखीच काटेकोर राहिली, म्हणून तिच्यावर आमचा विश्वास बसला.

अशा लेखनाच्या कसोट्याही उपलब्ध आहेत. गॅरी श्वित्झर यांनी २००६ साली अमेरिकेत सुरू केलेल्या उपक्रमात आरोग्यवार्ता दहा निकषांवर तपासल्या जात. खर्च सांगितला आहे का, अपाय सांगितले आहेत का, पुराव्याची प्रत कोणती, तज्ज्ञाचे हितसंबंध उघड केले आहेत का, अन्य पर्यायांशी तुलना आहे का, असे ते निकष. आपल्या माहितीपत्रकांना हेच निकष लावून पाहावेत. आम्ही स्वतःच्या पत्रकास लावले, तेव्हा फारसे गुण मिळाले नाहीत.

दिवाळीत आमच्या स्नेही औषधालयचालकांनी तिला अभ्यंगाचे तेल, उटणे व च्यवनप्राश असा संच पाठविला. तिने तो आभारपूर्वक परत केला. ते रागावले, आम्हांसही क्षणभर उद्धटपणा वाटला. पण ज्यांच्या मालाविषयी उद्या लिहावयाचे त्यांचे काही घेऊ नये, हा तिच्या शिक्षणाचा भाग होता. छापण्यापूर्वी लेख दाखवावा, हा आमचा हट्टही तिने मानला नाही. मात्र आमच्या तोंडची वाक्ये व संस्कृत संज्ञा दूरध्वनीवर वाचून पडताळून घेतल्या. आधी बोलून मागाहून "हे छापू नका" म्हणणे उपयोगी नाही, ते बोलण्यापूर्वीच ठरवावे, हेही तिच्याकडूनच समजले. रुग्णाचे छायाचित्र तर तिने आमच्या परवानगीने घेतलेच नाही. ती परवानगी रुग्णाने द्यावयाची असते, वैद्याने नव्हे, असे तिचे म्हणणे.

यात आपणांस परके असे काय आहे? रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, हा उपदेश चरकाच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात आहे. तेथेच संधाय व विगृह्य संभाषा सांगितल्या आहेत. वार्ताहर दिसताच आपण बहुधा दुसरीच पत्करतो. आत्मस्तुती करीत रुग्ण शोधणाऱ्या वैद्याचे सूत्रस्थानातील वर्णन वाचून आम्ही आजवर दुसऱ्यांनाच हसत आलो होतो.

औषधालयचालकांसाठी एक सूचना. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आहे, आणि त्यातील जाहिरातीची व्याख्या सूचनापत्र, वेष्टन, एवढेच काय पण तोंडी घोषणेपर्यंत पोहोचते. वृत्तपत्रातील कात्रण दुकानात लावून त्याखाली चूर्णाच्या बरण्या मांडल्यावर ती केवळ बातमी होती, असे म्हणता येईल याचा भरवसा धरू नये.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, आता मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची वेगळी नोंदवही आहे. त्यात चालू असलेली अन्य औषधे लिहिली जातात, आणि दोन महिने न आलेल्या रुग्णास आमचे सहायक दूरध्वनी करतात. "तिकडे काही उपयोग झाला नाही, म्हणून सोडले" हे उत्तर ऐकावयास कडू लागते. तेही लिहून ठेवतो. ती विद्यार्थिनी आता एका दैनिकात नोकरीस आहे. तिचा प्रश्न आला की वही उघडतो, आणि वहीत नसेल तर "नोंद नाही" असे सांगतो. स्नेह्यांच्या दुकानाच्या काचेवरील कात्रण निघाले आहे; त्या जागी आमच्या सहीचा एक कागद आहे : चालू असलेली कोणतीही गोळी वा इन्सुलिन वैद्यकीय सल्ल्यावाचून बंद करू नये.