आधी शक्यता मोजा, मग आकडे

अंकांचे कोडे समोर आले की बहुतेक जण लगेच आकडे घालून बघायला लागतात. जमले तर ठीक, नाही तर खोडरबर आहेच. पण आधी मोजायला हव्यात त्या शक्यता. समजा, लोणंदच्या कांदा बाजारात दोन पारड्यांच्या तराजूवर १ ते ४० किलोपर्यंतचे प्रत्येक पूर्ण वजन तोलायचे आहे आणि मापे चारच ठेवायची आहेत. प्रत्येक मापाला जागा तीन : समोरच्या पारड्यात, कांद्यांच्या पारड्यात किंवा खाली. म्हणजे मांडण्या ८१. एकीत सगळी मापे खाली. उरलेल्या ८० म्हणजे पारड्यांची अदलाबदल केलेल्या ४० जोड्या. आपल्याला वजनेही ४०च हवीत! एकही मांडणी वाया घालवायची सोय नाही आणि इथेच कोडे सुटते. सगळी मापे समोर ठेवली की ४०. ३९साठी सर्वांत लहान माप उचलायचे, म्हणून ते १ किलोचे. तेच कांद्यांत टाकले की ३८. ३७साठी त्याच्या पुढचे उचलायचे, म्हणून ते ३चे. याच वाटेने ९ आणि २७ हाती लागतात.

संगणक क्षणात सगळ्या शक्यता तपासतो, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा ६१७४ हा आकडा घ्या. १९४९ साली त्यांना तो सापडला. चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो. खुद्द १९४९ला सातही लागतात : ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. संगणक ९,९९० संख्या तपासून ‘खरे आहे’ म्हणेल. का, ते सांगणार नाही. पहिली वजाबाकी मात्र दोनच फरकांवर ठरते : मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान अंकांतला, आणि मधल्या दोघांतला. पहिल्याची ९९९ पट अधिक दुसऱ्याची ९० पट. १९४९मध्ये हे फरक ८ आणि ५. ७९९२ अधिक ४५० म्हणजे ८४४२. अशा फरकांच्या जोड्या अवघ्या ५४. त्या वहीच्या दोन-तीन पानांत तपासून होतात.

अवघड सुडोकूत शेवटी अंदाज करावाच लागतो, हा आक्षेप मात्र मान्य. पण तो कुठे करायचा? ज्या घरात दोनच अंक उरलेत तिथे. एक चुकला की दुसरा पक्का. पाच शक्यता असलेल्या घरात पेन्सिल टेकवणारा आधी मोजायला विसरलेला असतो, बेरीज-वजाबाकीत तो कितीही पटाईत असो. सुडोकूत तर बेरीज लागतच नाही.